कालवांची रेघ

समुद्राचे चित्र म्हटले की बहुतेक घरांत एकच नमुना डोळ्यांपुढे येतो. निळे पाणी, निळे आकाश, एका बाजूला नारळाचे झाड आणि काळ्या खडकावर आपटून पंख्यासारखी उडालेली पांढरीशुभ्र लाट. अशी छापील चित्रे बाजारात फ्रेमसकट मिळतात आणि दिवाणखान्यात आयतुल कुर्सीच्या तसबिरीशेजारी जागा पटकावतात. आमचे त्यांच्याशी भांडण नाही. पण पुढच्या वेळी असे चित्र दिसले तर एक करून बघा: लाट जिथे उडाली आहे, ती तिथेच का उडाली, हे चित्रात शोधा. बहुतेक वेळा सापडणार नाही. पांढरे शोभते म्हणून चित्रकाराने पांढरे दिलेले असते.

या सदरात गेले काही महिने आपण घरातल्याच वस्तू रंगवल्या. सुरई, तांब्याचा बदना, खिडकीतली तुळस आणि कोथिंबिरीची कुंडी. खडक आणि समुद्र हा विषय बाळकुममध्ये बसून काढायचा म्हणजे जरा अवघड. आमच्याकडे पाणी आहे, पण ते खाडीचे. कशेळीच्या पुलावरून भिवंडीकडे जाताना दोन्ही बाजूंना दिसते ते चिखलाचे काठ, तिवरांची झाडी आणि मातकट पाणी. भरती-ओहोटी इथेही येते, ओहोटीला चिखल उघडा पडतो. पण लाट फुटत नाही, कारण तिला फोडायला खडक नाही. आता तर नाक्यावर मेट्रोचे खांब आणि मागे उंच इमारती. आमच्या रविवारच्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी लाट फुटताना पाहिली आहे ती फक्त हाजी अलीला, तीही आईवडिलांचा हात धरून घाईघाईने.

त्यामुळे खडकाळ किनाऱ्याचे मोठे चित्र काढण्याची वेळ आमच्यावर आली, ती आपल्या मनाने नव्हे. शेजारच्या इमारतीत मूळचे मुरूडकडचे एक कुटुंब राहते. त्या घरातले चाचा ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी मचव्यावर तांडेल होते. लाकूड आणि कौले मुंबईला पोचवायची, परतताना मिळेल तो माल आणायचा. आता त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला आहे. समोरचे मधले नीट दिसत नाही, कडेचे दिसते. डॉक्टरांनी सांगितले की हळूहळू तेही कमी होईल. एक दिवस त्यांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या भाभी, आल्या आणि म्हणाल्या, "अब्बांना गावाकडचा खडक भिंतीवर हवा आहे. फोटो दाखवले तर म्हणतात, हा तो नाही."

आम्ही चाचांना भेटायला गेलो. त्यांना हवा होता तो खडक दिसणारा नव्हताच. खाडीच्या तोंडाशी तीन खडक पाण्याबाहेर आहेत आणि त्यांच्या थोडे पुढे चौथा पाण्याखाली. त्या चौथ्यावर त्यांच्या वडिलांचा मचवा फुटला होता. माणसे पोहून आली, मचवा गेला, आणि त्यानंतर घरावर बरीच वर्षे कर्ज राहिले. चाचांची दोन मुले आखातात, नातवंडे बाळकुममध्ये. समुद्रावर आता घरातले कोणीच जात नाही. "मी असेपर्यंत मला तो दिसायला हवा," ते म्हणाले, "आणि मी नसताना या पोरांना." मग जरा थांबून त्यांनी आम्हाला विचारले, "पण जो दिसत नाही, तो तुम्ही काढणार कसा?"

उत्तरही त्यांनीच दिले. पाण्याखालचा खडक फेसावरून ओळखायचा. तांडेलाला बाकी काही नाही कळले तरी चालेल, पण पांढरे पाणी कुठे आणि कशामुळे, हे कळायलाच हवे.

यात शास्त्र आहे. खोल पाण्यातली लाट नुसती वरखाली होत पुढे सरकते. तळ वर आला की लाटेचा खालचा भाग रेंगाळतो, वरचा पुढे जातो, उंची वाढते आणि शेवटी माथा कोसळतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणजे हातभर उंचीची लाट फुटली, तर तिथे तळ सव्वा हाताच्या आसपास आहे असे समजावे. उघड्या समुद्रात मधेच पांढरा पट्टा दिसला तर त्याच्याखाली काहीतरी आहे. आणि पूर्ण भरतीत, खोली वाढल्यावर, तोच पट्टा नाहीसा होतो. खडक तिथेच असतो, फक्त त्याची खूण पुसली जाते. मचवा फुटला तो अशाच वेळी.

तेव्हा चित्राचा खरा प्रश्न रंगाचा नव्हता, वेळेचा होता. ओहोटी फार असली तर चौथा खडक डोके वर काढतो आणि इतरांसारखाच एक होतो. भरती फार असली तर दिसतच नाही. मधल्या थोड्या वेळातच तो फेसाच्या रूपाने दिसतो. ती वेळ कशी ओळखायची? चाचा म्हणाले, "कालवांची रेघ बघा."

किनाऱ्याच्या खडकांवर कालवे चिकटलेली असतात हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. बाया ओहोटीच्या वेळी ती फोडून आणतात आणि त्यांचे कालवण ज्याने खाल्ले आहे तो ते विसरत नाही. कालव जगायला त्याच्यावर रोज पाणी यावे लागते. म्हणून खडकावर ती एका ठरावीक उंचीपर्यंतच वाढतात आणि लांबून बघितले तर खडकाच्या कमरेला राखाडी-पांढरा पट्टा बांधल्यासारखा दिसतो. पाणी त्या पट्ट्याच्या मध्यावर आले की चौथ्या खडकावर लाट फुटते, असा चाचांचा हिशोब होता.

आता दिवस कोणता निवडायचा? इथे आपल्या वाचकांना एक सोय आहे. आपले महिने चांदावर चालतात आणि भरतीसुद्धा. अमावास्या आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाणाची भरती असते. म्हणजे इस्लामी महिन्याची पहिली दोन-तीन तारीख आणि पुढे पंधरा ते सतरा. तेव्हा पाणी खूप वर चढते आणि खूप खाली जाते. आठ-नऊ आणि बावीस-तेवीस तारखेच्या सुमारास भांगाची भरती: चढउतार कमी. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या पुढे आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते. भांगाच्या दिवसांत याच्या उलट. रोज वेळ पाऊण तासाने, कधी त्याहून थोडी जास्त पुढे सरकते. आमच्या बाळकुमच्या खाडीत तेच पाणी आत शिरायला आणखी वेळ घेते. रमजान ईदच्या दिवशी मुलांना घेऊन समुद्रावर जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की चांद नुकताच झालेला आहे, म्हणजे उधाणाचेच दिवस आहेत.

हा हिशोब चुकला तर काय होते, ते फ्रान्सच्या क्लोद मोनेला १८८५ सालच्या नोव्हेंबरमध्ये कळले. एत्रता इथल्या कड्याखाली तो चित्र काढत बसला होता. पाणी उतरत आहे अशी त्याची समजूत होती, पण ते चढत होते. एका मोठ्या लाटेने त्याला कड्यावर आपटले आणि चित्राची घोडी, रंग, सगळे ओढून नेले. मोने वाचला. पुढच्याच वर्षी बेल-ईल बेटावर जाऊन त्याने खडकांची जवळजवळ चाळीस चित्रे काढली, आणि वारा इतका की सामान दोरांनी बांधून ठेवावे लागे.

चाचांनी आम्हाला चांदाची सोळावी तारीख दिली. "सकाळी सातला पाणी लांब गेलेले असेल. जोहरपर्यंत खडकावर येईल. मधे बघा." जानेवारीचा महिना होता. पेण, अलिबाग, रेवदंडा करत एसटीने आदल्या संध्याकाळी मुरूडला पोचलो आणि पहाटे किनाऱ्यावर.

तिथे पहिले दोन तास आम्ही रंगाची पेटी उघडली नाही. नवशिक्यांची सर्वांत मोठी अडचण ही की लाट थांबत नाही म्हणून ते मोबाइलवर फोटो काढतात आणि घरी त्याची नक्कल करतात. आमचे मत या बाबतीत कडक आहे. फोटोत काळा खडक डांबरासारखा सपाट काळा येतो, फेस चुन्यासारखा सपाट पांढरा येतो आणि दोघांमधले सगळे हरवते. फोटो खडकांची जागा आणि अंतर लक्षात ठेवायला घ्यावा, त्यापलीकडे त्याचे ऐकू नये. त्याऐवजी एकच खडक निवडून वीस मिनिटे बघत बसा. लाट दर वेळी नवी असते, पण खडक तोच असल्यामुळे पाणी त्याच खाचेतून वर चढते, त्याच कंगोऱ्यावर फुटते आणि त्याच घळीतून परत वाहते. पन्नास लाटा बघितल्या की त्यांचा रस्ता पाठ होतो. मग कागदावर एका लाटेची नक्कल करायची नसते, तो रस्ता काढायचा असतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत मुलांना स्मरणचित्र असते आणि ते त्यांना नावडते असते. समुद्राचे चित्र मात्र सगळे स्मरणचित्रच आहे.

याच कारणासाठी कोल्हापूरचे अबालाल रहिमान आम्हाला मोठे वाटतात. कुराण शरीफच्या हस्तलिखित प्रती करणाऱ्या घराण्यातला हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, पुढे शाहू महाराजांचा दरबारी चित्रकार झाला आणि १९३१ साली कोल्हापुरातच वारला. मुंबईत राहून नाव कमावता आले असते. पण ते कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि तेच तलाव, तेच रंकाळ्याचे पाणी, तेच काठावरचे दगड वेगवेगळ्या प्रकाशात रंगवत राहिले. त्यांना समुद्र नव्हता. पण पाणी दगडाला लागते तिथे काय होते, हे त्यांच्या चित्रांवरून शिकता येते. ज्यांना जमेल त्यांनी कोल्हापूरच्या चंद्रकांत मांडरे संग्रहालयाच्या वाटेवर जाण्याआधी त्यांची चित्रे कुठे बघायला मिळतात याची जरूर चौकशी करावी.

साडेनऊच्या सुमारास पाणी कालवांच्या पट्ट्याला लागले. दहाच्या पुढे, पट्टा अर्धा बुडाला असताना, तीन खडकांच्या पलीकडे पाणी एकदम जाड झाल्यासारखे उचलले गेले आणि एक आडवा पांढरा ओरखडा उठला. मग शांत. मग पुन्हा तिथेच. सुमारे पाऊण तास तो दिसत होता. आम्ही पेन्सिलीने सहा लहान आराखडे केले, प्रत्येक पोस्टकार्डाएवढा, आणि कडेला शब्दांत टिपणे: सूर्य कुठे, ओले कुठपर्यंत, फेसाची सावली कोणत्या रंगाची. साडेअकराला ती जागा इतर समुद्रासारखी झाली होती. जिथे एवढ्यात खडक होता तिथून एक होडी गेली, भरल्या पाण्यात, बिनधास्त.

मूळ चित्र घरी, बाळकुमच्या गॅलरीत केले. कागद ३०० ग्रॅमचा खरखरीत, पंधरा बाय बावीस इंच, चारही कडांना चिकटपट्टी लावून फळीवर बसवलेला. जलरंगात पांढरा रंग वापरायचा नाही असा आमचा नेम आहे. पांढरे म्हणजे कोरा कागद. त्यामुळे सगळे काम उलट्या दिशेने विचार करून करावे लागते. सर्वांत आधी ठरवायचे की कुठे काहीच करायचे नाही. चौथ्या खडकाच्या जागी बोटभर लांबीची कोरी जागा आम्ही पेन्सिलीने आखून ठेवली आणि पुढचे तीन दिवस ती सांभाळली.

क्षितिजाची रेघ पट्टीने मारली. ही एकच रेघ पट्टीने. ती तसूभर तिरकी झाली तर समुद्र सांडतो. मग फळी थोडी उतरती करून आकाशाचा पातळ हात दिला. कोकणातले जानेवारीचे आकाश खाली, क्षितिजापाशी, निळे नसते. धुरकट पिवळसर असते. पाणीसुद्धा निळे नसते. खाडीच्या तोंडाशी ते हिरवट राखाडी, त्यासाठी सेरुलियन निळ्यात पिवळी माती म्हणजे यलो ऑकर. जवळ येताना हिरवा वाढवायचा, आणि ब्रश जवळजवळ कोरडा करून कागदावरून आडवा, हलका फिरवायचा. खरखरीत कागदाच्या खळग्यांना रंग लागत नाही आणि उन्हाची चमक आपोआप राहते.

प्रत्येक हातानंतर थांबायचे. कागद वाळला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. हाताची मागची बाजू लावा. गार लागला तर अजून ओला आहे. आमच्या वर्गातली निम्मी चित्रे या एका अधीरतेने बिघडतात. वेळ चांगली गेली: एक हात असरपूर्वी, दुसरा मगरिबनंतर.

मग खडक. आपला हा दगड, सह्याद्रीचा असो की किनाऱ्याचा, बहुतेक बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा. त्याला काळा म्हणतात, पण नळीतला काळा रंग लावला की तो मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हे दोनच रंग कमीजास्त मिसळा. उन्हातल्या बाजूला सिएना जास्त, सावलीत निळा जास्त. वरचा कोरडा माथा राखेसारखा फिका, त्याखाली कालवांचा खरबरीत पट्टा, त्याखाली शेवाळाचा काळपट हिरवा आणि अगदी पाण्याशी ओला, चकचकीत, सगळ्यांत गडद. हे थर क्रमाने आले की बघणाऱ्याला, त्याच्याही नकळत, कळते की पाणी किती वर आले आहे. चाचांच्या चित्रात हा पट्टा तिन्ही खडकांवर एकाच पातळीत बसवायला आम्हाला पूर्ण एक दिवस लागला.

शेवटी फेस. फेससुद्धा सगळा पांढरा नसतो. उन्हाकडची कड पांढरी, बाकीचा भाग फिका निळसर राखाडी. चौथ्या खडकाच्या कोऱ्या जागेखाली आम्ही तो राखाडी एकदाच, पाणीदार, फिरवला आणि ब्रश खाली ठेवला.

मधे एक मुद्दा निघाला होता. भाभींना चित्रात एखादी होडी आणि दोन माणसे हवी होती, रिकामे वाटू नये म्हणून. माणसांना घरातल्यांनीच नको म्हटले. जिवंत प्राण्यांची चित्रे टाळणाऱ्या घरांत हे नवे नाही. चित्रांवर पोट असलेल्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास यांनी झाडे आणि ज्यांत रूह नाही अशा वस्तू काढ, असे सांगितल्याची रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे, आणि खडक-समुद्र त्यात सहज बसतात. होडीला मात्र चाचांनी वेगळ्याच कारणाने नकार दिला. "होडी काढली की सगळे होडीकडे बघतील. खडक कोण बघणार?" योगायोग असा की अमेरिकेतल्या विन्स्लो होमरने हेच केले आहे. १८९५ सालच्या त्याच्या वादळी समुद्राच्या प्रसिद्ध चित्रात आधी खडकावर दबा धरून बसलेली दोन माणसे होती. चित्र प्रदर्शनात लागून गेल्यावर त्याने ती रंगवून बुजवली. आज न्यू यॉर्कच्या संग्रहालयात ते चित्र आहे, त्यात फक्त खडक आणि पाणी, आणि कोणी कमी आहे असे वाटत नाही.

घरी करून बघायचे असेल तर समुद्रावर जायची गरज नाही. इमारतीच्या कामावरच्या खडीतला मुठीएवढा दगड आणा, तोही बेसाल्टच. परातीत ठेवून तो अर्धा बुडेल इतके पाणी घाला आणि सकाळी खिडकीत, उजेड एका बाजूने पडेल असा, ठेवा. कोरडा भाग, ओली रेघ आणि पाण्यातली सावली, एवढेच तीन काढा. पाण्यावरची चमक राखायची तर रंगाआधी त्या जागी मेणबत्तीचा तुकडा घासा. मेणावर रंग धरत नाही. लहान मुलांना हे फार आवडते. तासाभराने पाणी थोडे काढून घ्या आणि ओल्या रेघेचे काय झाले ते पाहून दुसरे चित्र काढा.

चित्र जुम्याच्या नमाजनंतर चाचांकडे नेले. त्यांनी ते समोर धरले नाही. मान एका बाजूला वळवून, डोळ्याच्या कडेने, कागद नाकापासून वीतभर अंतरावर घेऊन ते डावीकडून उजवीकडे सरकत गेले. पहिल्या खडकावर थांबले, कालवांच्या पट्ट्यावर थांबले. "दहा वाजले असतील," ते म्हणाले. मग पुढे सरकले आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारले, "इथे रंग लागला नाही?"

"नाही. इथे कागदच आहे."

बारा वर्षांचा नातू शेजारी उभा होता. त्याने विचारले, तिथे तर नुसते पाणी आहे, मग दादाजान तिथेच का बघतात? चाचांनी त्याचा हात धरून त्याचे बोट आधी पट्ट्यावर ठेवले, मग त्या पांढऱ्या जागेवर, आणि त्याला पणजोबांच्या मचव्याचे नाव सांगितले. ते नाव घरात भाभींनाही माहीत नव्हते.